हात लागलेले फोटो

१

रोज सकाळी शिबिर सुरू होण्याआधी मी पहिला फोटो माझ्याच उजव्या तळहाताचा काढायचे. कॅमेरा ठीक आहे ना, हे बघायची ती माझी पद्धत. मागची भिंत निळी दिसली पाहिजे, तळहात पिवळा-नारिंगी, आणि मधला आकडा तेहेतीस अंशांच्या आसपास. लहानपणी सायकलवरून पडले तेव्हापासून माझी करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी आहे. पडद्यावर तीही वाकडी दिसायची. ती दिसली की मी तारीख टाकायचे आणि पहिलं नाव पुकारायचे.

हा कॅमेरा उजेड बघत नाही, ऊब बघतो. माणसाच्या कातडीतून सतत ऊब बाहेर पडत असते. आत कुठे सूज धरली, पू व्हायला लागला, की वरची कातडी दोन-अडीच अंशांनी तापते, आणि तेही डोळ्यांना काही दिसायच्या कितीतरी दिवस आधी. सुई नाही, रक्त नाही, एक्स-रे नाही. दोन्ही तळवे शेजारी-शेजारी ठेवायचे आणि कुठला भाग दुसऱ्यापेक्षा जास्त लाल दिसतो ते पाहायचं. फिजिक्समध्ये एम.एस्सी. करताना मी हे पुस्तकात वाचलं होतं. पण पहिल्यांदा एका जिवंत पायावर तो लाल ठिपका पाहिला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. वाटलं, शिकले ते यासाठी.

हे २०१२ सालचं. आमच्या अमरावती-अकोल्याकडे तेव्हा गावागावांत सर्व्हेवाले फिरत होते. कोणी कापसाचे फॉर्म भरून घ्यायचं, कोणी शेतकऱ्याच्या मनाचे. दिल्ली-मुंबईची माणसं गाड्या घेऊन यायची आणि संध्याकाळी परत जायची. शुगर झालेली माणसं मात्र अनवाणी वावरात जात होती. पायाला काटा रुतला तरी त्यांना कळत नव्हतं, आणि अंगठा काळा पडल्यावरच ती दवाखान्यात येत होती. त्यांच्या पायांकडे कोणी बघत नव्हतं. मला याचा संताप यायचा. अमरावतीच्या एका लहान दवाखान्याला परदेशातल्या कुण्या जुन्या विद्यार्थ्याने हा कॅमेरा पाठवला, तो चालवायला माणूस हवा होता, आणि मी दुसऱ्याच दिवशी रुजू झाले. आमची शिबिरं मंगळवारी आणि शुक्रवारी असायची. एकदा चांदूर रेल्वे, एकदा नांदगाव पेठ, मग आणखी कुठे.

नियम एकच होता. पाय पुसायचे, खुर्चीवर बसून ते बाकड्यावर लांब करायचे आणि पंधरा मिनिटं तसंच थांबायचं. पंखा बंद, खिडक्या बंद. आणि पायाला कुणीही हात लावायचा नाही, कारण हाताची ऊब कातडीवर उमटते आणि फोटो वाया जातो.

हा नियम हलीमाबींना कधीच पटला नाही.

त्या आमच्याकडे तीस वर्षं ड्रेसिंग करत होत्या. सगळे त्यांना मावशी म्हणत. त्यांच्या उजव्या हाताच्या अंगठ्याजवळच्या बोटाचं वरचं पेर नव्हतं. लहानपणी कडबा कापायच्या यंत्रात गेलं होतं. पेशंट आला की त्या आधी चहाचा गरम ग्लास दोन्ही हातांत धरून बसायच्या. मग तळहात पायावर टेकवायच्या, डोळे मिटायच्या आणि म्हणायच्या, "इथं." डॉक्टर तिथे चिरा द्यायचे आणि तिथे पू असायचा. हे मी स्वतः पाहिलं होतं, आणि तरी मला ते जुनाट वाटायचं. तीस वर्षांत एकाही पायाची कुठे नोंद नाही, आकडा नाही!

"मावशी, हात नका ना लावू. फोटो खराब होतो."

"हात लावल्यानं फोटोच खराब होते न? मानूस तं नाई होत?"

पेशंट हसायचे. मला हसू यायचं नाही. एका शुक्रवारी त्यांच्या हाताने पाच फोटो वाया गेले. मी दवाखान्याच्या डॉक्टर इनायतुल्लांकडे गेले आणि सरळ सांगितलं, त्या खोलीत असतील तर मी काम करणार नाही.

मावशी दारातच उभ्या होत्या. त्यांनी हातातला ग्लास खाली ठेवला.

"थंड हातानं मी कोनाले कधी हात लावला नाई, बेटा," त्या म्हणाल्या. "ठीक हाय. चालू दे तुहं."

दसऱ्यानंतर त्या अकोल्याला मुलाकडे निघून गेल्या.

२

पंधरा दिवस सगळं सुरळीत चाललं. मग नांदगाव पेठेत जानरावकाका आले. कापडाच्या कारखान्याच्या गेटवर ते चौकीदार होते. वय साठीच्या पुढे.

"बाई, तोंडाचाही एखादा काढून द्या," बाकड्यावर पाय लांब करत ते म्हणाले. "पोरगी पाहाले जाच हाय."

"कुणासाठी, काका?"

"आता पोराचं लगन झालं न दोनदा. उरलं कोन?"

बाहेर दाराशी बसलेल्या नर्स माणिकबाई खुदकन हसल्या. खोलीत आम्ही दोघंच होतो, मी आणि काका. पंधरा मिनिटं झाली. मी बटण दाबलं.

डाव्या तळव्यावर, बोटांच्या जरा खाली, हात उमटला होता.

"काका, पायाला हात लावलात?"

"मले वाकता आलं असतं तं पाय रोज पाहिला नसता का?"

त्यांचं खरं होतं. त्यांचं पोट पाहता हात गुडघ्याच्या पुढे पोचणं कठीण होतं. मी पाय पुन्हा पुसायला लावला, पुन्हा पंधरा मिनिटं बसवलं आणि त्यांच्यावरून नजर हलवली नाही. पुन्हा हात होता, पहिल्यापेक्षा लाल. वास्तविक अशी ऊब मिनिट-दोन मिनिटांत विरून जाते. पंधरा मिनिटं टिकतच नाही. हे मला माहीत होतं. पण बाहेर पंधरा माणसं ताटकळत होती, आणि मला उशीर सहन होत नाही. रजिस्टरमध्ये मी लिहिलं: 'हात लागला. रद्द.' काकांना म्हटलं, पुढच्या शिबिरात या.

ते त्याआधीच आले. वीस दिवसांनी त्यांचा मुलगा त्यांना रिक्षातून घेऊन आला. त्याच संध्याकाळी डॉक्टरांनी त्यांचा डावा पाय घोट्यावरून काढला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खाटेशी गेले. त्यांना कुणाला बोल लावायचा नव्हता. त्यांनी साधं विचारलं, "बाई, फोटोत आलं नव्हतं का?"

मी वर आले, दार लावलं आणि तो रद्द फोटो उघडला. डॉक्टरांनी कागदावर काढून ठेवलेली जखमेची जागा पडद्याशेजारी धरली. पू जिथे होता, तळहात नेमका तिथेच टेकलेला होता.

मग मी बोटं मोजली. बोटं पाच होती, पण अंगठ्याजवळचं एक अर्ध्यातच संपत होतं.

३

रद्द फोटो मी पुसून टाकत नाही, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवते. दसऱ्यानंतरचे बारा फोटो त्या फोल्डरमध्ये होते, दोन काकांचे, बाकीचेही मी घाईत 'हात लागला' म्हणून टाकलेले. बाराही मी एकामागून एक पाहिले. गावं वेगळी, माणसं वेगळी, पाय वेगळे. हात एकच.

डॉक्टरांना मी यातलं काहीही सांगितलं नाही. "सर, या दहा जणांचे फोटो नीट आले नव्हते, त्यांना परत बोलावू या," एवढंच म्हटलं. नऊ जण आले. हात जिथे टेकला होता तिथे मी डॉक्टरांना सुई घालून बघायला सांगितलं, आणि नऊच्या नऊ जणांच्या पायात तिथे काही ना काही निघालं. काचेचा तुकडा, गाठ, सडायला लागलेलं हाड. यातल्या चौघांच्या बाबतीत तर कॅमेऱ्याला अजून ऊबसुद्धा दिसत नव्हती. कॅमेऱ्याच्याही आधी कुणालातरी कळलं होतं.

"साधना, माशाअल्ला, काय नजर आहे तुझी!" डॉक्टर म्हणाले.

ते कौतुक माझं नव्हतं.

मी विज्ञान शिकले आहे. मी कारणं शोधली. आधीच्या चित्राचा ठसा सेन्सरवर राहत असेल, म्हणून गरम तवा, बर्फ, पत्रा, घोंगडी, सगळं कॅमेऱ्यापुढे धरून पाहिलं. ठसा राहत नव्हता. कुठल्या चकचकीत वस्तूवरून माझ्याच हाताची ऊब परत येत असेल, म्हणून खोलीतली प्रत्येक चकचकीत वस्तू बाहेर नेली, भिंतीवरचं घड्याळसुद्धा. पुढच्या मंगळवारी तिसऱ्याच पेशंटच्या टाचेवर हात उमटला.

उरलेलं कारण मला तोंडाने उच्चारायचं नव्हतं. तरी मी अकोल्याला फोन लावला. मावशींच्या मुलाने, अजहरभाईंनी फोन उचलला.

"अजहरभाई, मावशी... बऱ्या आहेत ना?"

"हाय न. चहा पिऊन राहिली." माझ्या छातीवरचा दगड उतरला. मग ते म्हणाले, "फक्त तो उजवा हात थंड पडते, ताई. बरफावानी. डॉक्टर म्हनते रक्त बराबर चालू हाय, नाडी लागते. मंग थंड काहून, ते कोनी सांगत नाई."

"केव्हा पडतो?"

"सकाळी धाच्या सुमाराले. दोन-अडीचपर्यंत. पन रोज नाई. मंगळवारी आन् शुक्रवारी."

४

पुढच्या शुक्रवारी चांदूर रेल्वेला पार्बताबाई आल्या. स्टेशनच्या मागे त्यांचा झेंडूचा आणि शेवंतीचा मळा होता. पहाटेच्या गाडीने फुलांचे गठ्ठे घेऊन त्या बाजारात जायच्या. गेल्या वर्षी त्यांच्या डाव्या पायाचं एक बोट काढलं होतं.

"बूट कुठेत, काकू? दिले होते ना दवाखान्याने?"

"वाफ्यात चिखल ऱ्हाते वं. बूट फसते आन् मी पुढं निघून जाते. मंग बुटाले शोधाले परत या." त्यांनी पाय लांब केले. मग हसू पुसून म्हणाल्या, "पोरी, पाय गेला तं मळा गेला माहा. घरात दुसरं वाकनारं कोनी नाई. नीट पाह्य."

त्यांच्या तळव्यांना मी जाड नायलॉनचा धागा दहा ठिकाणी टोचून पाहिला. एकाही ठिकाणी त्यांना कळलं नाही. पायाची जाणीव साफ गेलेली होती. त्यांच्या मते दोन वर्षांपासून.

त्या दिवशी मी फोटो काढून थांबणार नव्हते. कॅमेरा लॅपटॉपला जोडून चालूच ठेवला होता. दार आतून लावलेलं. पंखा बंद, खिडक्या बंद. बाहेर माणिकबाई कुणावर तरी ओरडत होत्या. त्यांचा आवाजही मग दूर गेला. पडद्यावर दोन तळवे, दोन्ही थंड, निळे. मी त्यांच्यापासून सहा फुटांवर होते.

नवव्या मिनिटाला डाव्या तळव्यावर एक लाल ठिपका आला. मग त्याच्या शेजारी दुसरा. मग तिसरा. कुणीतरी सावकाश, एकेक बोट टेकवत होतं. मग त्या ठिपक्यांच्या खाली तळहात पसरला, कागदावर तेल पसरावं तसा.

"हात काहून लावून राहिली वं?" पार्बताबाई म्हणाल्या. "तूच तं म्हनली लावू नको."

मी दोन्ही हात वर करून त्यांना दाखवले. त्यांचं माझ्याकडे लक्षच नव्हतं. त्या डोळे मिटून बसल्या होत्या.

"गरम हात हाय," त्या हळूच म्हणाल्या. "दोन सालात पायाले काही लागलं नव्हतं माय. लय बरं वाटून राहिलं."

मी पडद्यावरून नजर काढली आणि पायाकडे पाहिलं, माझ्या साध्या डोळ्यांनी. भेगाळलेला, मातीने काळा पडलेला तळवा. त्यावर काहीच नव्हतं. फक्त चार-पाच ठिकाणची कातडी पांढरी पडली होती. आपण बोटाने दाबलं की पडते तशी. आणि मी बघत असतानाच ते डाग एकेक करून पुन्हा लाल झाले. कुणीतरी हात उचलला होता.

डॉक्टरांनी तिथे चिरा दिला. हाडापर्यंत गेलेला बाभळीच्या काट्याचा तुकडा निघाला. अजून चार दिवस गेले असते तर पाय गेला असता, असं ते म्हणाले. पार्बताबाईंचा पाय वाचला.

मी रजिस्टर पुढे ओढलं. 'हात लागला' एवढंच लिहिलं. 'रद्द' लिहिलं नाही.

५

रविवारी मी कॅमेरा पिशवीत घालून बडनेऱ्याहून अकोल्याची गाडी पकडली.

अजहरभाईंचं गादी-रजईचं दुकान होतं. पुढे पिंजायचं यंत्र घरघरत होतं, हवेत कापसाचे तंतू तरंगत होते, आणि मागच्या खोलीत मावशी निजल्या होत्या. भर दुपारी त्यांच्या अंगावर दोन रजया होत्या. खोलीत एवढं उकडत होतं की माझा कुर्ता पाठीला चिकटला. उजवा हात तेवढा रजईच्या वर, बाहेर.

"आली का?" मला पाहून त्या म्हणाल्या. "डबीही आनली वाटते संगं."

"मावशी, एक फोटो काढू?"

"काढ. आता हात लावत नाई मी."

त्या हसल्या. मी त्यांची नजर टाळली आणि कॅमेरा स्टँडवर लावला.

पडद्यावर त्यांचा चेहरा पिवळा दिसला, मान पिवळी, खांदा नारिंगी. दंड लाल. कोपराशी तो लाल रंग जांभळा झाला, मग निळा, आणि पुढे काही नव्हतं. मी पुन्हा पाहिलं. कोपरापुढे रजई होती. सलग, निळी, कुठेही न तुटलेली. तिच्यावर हात ठेवलेला असल्याची एक रेघसुद्धा नाही.

मी पडद्याच्या वरून पाहिलं. हात होता. सुरकुतलेला, तीस वर्षांचं औषध नखांत मुरलेला, अर्ध्या बोटाचा. मावशी त्याच बोटांनी रजईवर हळूहळू ताल धरत होत्या. पडद्यावर रजई निश्चल होती.

"पहिले बोटंच थंड पडायची," अजहरभाई दारातून म्हणाले. "मंग मनगट. आता कोपर आलं, ताई. पह्यले दोन वाजता उतरायचं. आता रविवारीबी उतरत नाई. वर कुठंवर जाते हे?"

कोपराच्या वर दंड, मग खांदा, मग छाती. हे सांगायला एम.एस्सी. लागत नाही.

अजहरभाई दुकानात गेले, तशी मी खाटेशी बसले.

"मावशी, थांबवा ना हे. माझं चुकलं. मी तुम्हाला बाहेर काढायला नको होतं. तुम्ही परत या, खोलीत बसा, हवा तिथे हात लावा."

"आता कोठी येऊ? उठता येते का मले?" मग त्यांनी विचारलं, "त्या फुलवालीचा पाय राहिला का?"

पार्बताबाईंचं नाव मी अकोल्यात कुणापाशी काढलं नव्हतं.

"राहिला."

"झेंडूचा वास येते तिच्या पायाले. तिले उंच बूट दे, बेटा. गमबूट. आखूड बूट चिखलात ऱ्हातेच." त्यांनी डोळे मिटले. "अजून किती गावं राहिले तुहे?"

तेव्हा मला ही बाई खऱ्या अर्थाने दिसली. ती आजारी होती, एका हाताने विझत चालली होती, आणि पुढच्या गावांची चौकशी करत होती. मी भाषणं केली होती, डॉक्टरांशी भांडले होते, सर्व्हेवाल्यांना नावं ठेवली होती. हिने कधीच भाषण केलं नाही. हिने हात ठेवला.

"एकही नाही," मी म्हटलं. "शिबिरं संपली, मावशी."

निघताना मी त्यांच्या हाताला हात लावला. बर्फ मी हातात धरलेला आहे. हे तसं नव्हतं. उन्हात न आलेल्या दगडाला हात लावावा तसं होतं.

६

डॉक्टरांना मी सांगितलं, कॅमेरा बिघडला आहे.

आयुष्यात कामाच्या बाबतीत मी खोटं बोलले ते तेवढंच. शिबिराविना गेलेल्या पहिल्या शुक्रवारनंतर अजहरभाईंचा फोन आला: मनगटापर्यंत ऊब आली. दुसऱ्या मंगळवारी आली बोटांपर्यंत. "अम्मीनं आज सोता चहाचा ग्लास धरला, ताई," ते म्हणाले.

म्हणजे उपाय सोपा होता. पाय कॅमेऱ्यापुढे आणायचेच नाहीत.

तिसऱ्या आठवड्यात धामणगाव रेल्वेहून नत्थुजी नावाचे भाजीवाले आले. त्यांच्या पायाची तीन बोटं काळी पडली होती. डॉक्टरांनी मला ड्रेसिंगच्या खोलीत बोलावलं आणि धामणगावच्या रद्द झालेल्या शिबिराची यादी माझ्यापुढे धरली. नत्थुजींचं नाव सत्ताविसावं होतं.

"सगळ्या गावांचे मिळून अजून एकशे चाळीस आहेत," डॉक्टर म्हणाले. ते कधी आवाज चढवत नाहीत. "मी काल कॅमेरा चालू करून पाहिला, साधना. त्यात काही बिघाड नाही. कारण असेल तर सांग. नसेल तर मंगळवारी धामणगावला जा."

मी यादी हातात घेतली. खाटेवरचे नत्थुजी माझ्याकडे पाहत होते. त्यांची नजर अगदी जानरावकाकांसारखी होती, बोल न लावणारी.

सोमवारभर मी दोन्ही बाजूंनी विचार केला. एका बाजूला एक बाई. दुसऱ्या बाजूला एकशे चाळीस माणसं, म्हणजे दोनशे ऐंशी पाय. मी हिशेबाची माणूस नाही, आणि असला हिशेब करणाऱ्यांचा मला राग येतो. तरी तो मनात होत राहिला.

७

धामणगावला शाळेचा एक वर्ग मिळाला होता. मी साडेनऊलाच पोचले. खिडक्या लावल्या, पंखा बंद केला, बाकडं भिंतीला लावलं. माणिकबाईंनी चहा आणून टेबलावर ठेवला आणि त्या यादी घेऊन बाहेर गेल्या. मी दार लोटून घेतलं.

मग रिकाम्या वर्गात मोठ्याने बोलले. असं काही मी करेन, हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेडा, बह्याड म्हटलं असतं.

"मावशी, तुम्ही येऊ नका. तुम्ही आता आराम करा. जे द्यायचं ते माझं घ्या."

काहीच झालं नाही. फळ्यावर कालची तारीख होती. बाहेर कापसाची गाडी वळताना बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा वाजल्या, एवढंच. मी नेहमीप्रमाणे उजव्या तळहाताचा फोटो काढला. भिंत निळी, तळहात पिवळा, करंगळी वाकडी. तेहेतीस पॉइंट दोन. मला हायसं वाटलं, आणि लगेच त्याची लाज वाटली.

पहिल्या पेशंट तुबा नावाच्या बाई होत्या. त्या बांगड्यांच्या दुकानात दिवसभर उभ्या असत. "फोटोत दुखते का?" त्यांनी विचारलं. "नाही," मी म्हटलं, "आणि हात लावू नका." त्यांनी पाय लांब केले. मी लॅपटॉपशी जाऊन बसले आणि पेन उचललं.

दोन निळे तळवे. पाच मिनिटं. सात. आठ.

नवव्या मिनिटाला पेन खाली पडलं.

मी ते सोडलं नव्हतं. बोटांना ते जाणवणंच थांबलं होतं. मग त्यांना दुसरं काहीतरी जाणवलं: कोरडी, खरखरीत, भेगाळलेली कातडी, टाचेचा गोलवा, आणि टाचेच्या आत खोलवर, एखाद्या झाकलेल्या निखाऱ्यासारखं, काहीतरी तापलेलं. माझा हात टेबलावर होता. मला तो दिसत होता. टेबलावर टाच नव्हती.

"बाई," तुबा म्हणाल्या, "कोनी हात लावला का? थंड हाय वं लय. दचकली मी."

पडद्यावर त्यांच्या उजव्या टाचेवर गडद निळा हात उमटत होता. पाचही बोटं पूर्ण होती. करंगळी बाहेरच्या बाजूला वाकडी होती.

मी डाव्या हाताने रजिस्टर ओढून घेतलं, पेन शोधलं आणि वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: उजवी टाच, आतून. डॉक्टरांना दाखवणे. आजच.

पिशवीत फोन वाजायला लागला. अकोल्याचा असणार. मी उचलला नाही. मंगळवार असूनही मावशींचा हात आज गरमच राहिला, हेच अजहरभाई सांगणार, मला ठाऊक होतं.

टेबलावरचा चहा अजून गरम होता. मी ग्लास दोन्ही हातांत घट्ट धरला, डाव्या हाताला चटका बसेपर्यंत. उजव्याला काही कळेना. तरी मी तो धरून ठेवला. मग दाराकडे वळून माणिकबाईंना म्हटलं, पुढचं नाव घ्या.